डागामागचा माणूस

डागमावशीला चित्र दाखवायची वेळ आली की भलेभले आधी दुसऱ्याला पुढे ढकलायचे. ती चष्मा कपाळावर चढवायची, खुर्ची पुढे ओढायची, स्क्रीनला नाक लागेल इतकी वाकायची आणि मिनिटभराने निकाल द्यायची, "इथे कुणी राहत नाही." ज्या बिचाऱ्याने आठवडाभर खपून ते स्वयंपाकघर कॉम्प्युटरवर उभं केलेलं असायचं, ओट्याच्या दगडातली शीर न् शीर जागच्या जागी बसवलेली असायची, त्याने मग मुकाट्याने फाइल तिच्याकडे सोपवायची आणि चहाला जायचं. वाद घालण्यात अर्थ नसायचा. घालून पाहिला होता दोघातिघांनी.

त्या कंपनीत नसलेल्या गोष्टींची चित्रं काढायचे. अजून न बांधलेली घरं, अजून न बनलेले सोफे, नळ, दिवे, कपाटं. गिऱ्हाइकाची अट एकच असायची, बघणाऱ्याला तो फोटो वाटला पाहिजे. तिथली चौदा तरुण मुलंमुली या कामात तरबेज होती. काचेवरची चकाकी, खिडकीतून आलेलं ऊन, खुर्चीखालची सावली, सगळं अचूक. तरी चित्र निर्जीव दिसायचं, आणि का ते कुणाला सांगता यायचं नाही. मावशीला यायचं. नळाखाली थेंब वाळल्याची पांढुरकी खूण नाही, दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा मळ नाही, कपाटाच्या मुठीखाली नखांचे ओरखडे नाहीत, मग त्या घरावर विश्वास कोण ठेवणार? हे सगळं ती लावायची, आणि इतकं बेताने लावायची की बघणाऱ्याला डाग दिसायचाच नाही, फक्त खोली खरी वाटायची. म्हणून तिचं नाव डागमावशी. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं.

वय अठ्ठावन्न. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, आणि का पडली नाहीस असं विचारणाऱ्याला ती आधी त्याचं स्वतःचं कसं चाललंय ते विचारायची. राहायची बहिणीकडे. बहिणीची मुलगी ठकी याच कंपनीत होती, अठ्ठावीस वर्षांची झाली तरी ठकीच. तिनेच मावशीला इथे आणलं होतं.

त्याआधीची बावीस वर्षं मावशीने एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत काढली होती, नेमकं उलटं काम करत. तेव्हा फोटो निगेटिव्हवरून छापायचे. भिंग लावून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने आणि बारीक पात्याने निगेटिव्हवरचे चेहरे सुधारायचे. तीळ काढ, मुरूम काढ, डोळ्यांखालची वर्तुळं काढ, सुरकुत्या काढ. अर्ध्या गावाचे चेहरे तिने धुऊन काढले होते आणि तिला त्याचा अभिमान होता. मग एक दिवस एक बाई मुलाचा फोटो परत घेऊन आली. मुलगा नुकताच अपघातात गेला होता. त्याच्या ओठाखाली लहानपणी पडल्याची खूण होती, ती फोटोत नव्हती. "हा माझा नाही," बाई म्हणाली, आणि खूण परत आणून द्या म्हणून काउंटरशी बसून राहिली. निगेटिव्ह पात्याने खरवडलेलं, परत कुठून आणणार? मावशीने त्या बाईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. बाई गेल्यावर तिने कानाला खडा लावला. त्यानंतर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, चेहऱ्यावरची खूण ती विचारल्याशिवाय काढत नसे, आणि विचारताना तिचा सूर असा असायचा की बहुतेक लोक राहू द्या म्हणायचे. स्टुडिओच्या मालकाचे तिच्यापुढे नाकी नऊ यायचे. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला.

कॉम्प्युटर शिकताना तिने जो त्रास दिला त्याच्या गोष्टी कंपनीत अजून सांगतात. पहिले आठ दिवस माउस टेबलावरून खाली पडायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची. पण तीन महिन्यांत ती तयार झाली, आणि मग तिने तिचा नियम सगळ्यांच्या माथी मारायला सुरुवात केली. नियम असा, की प्रत्येक डागामागे एक माणूस असतो. तो उंच की बुटका, डावखुरा की उजवा, घाईत की निवांत, हे ठरल्याशिवाय ती डाग लावायची नाही. मुलांकडे तयार मळ असायचा, एक बटण दाबलं की सगळ्या लोखंडावर गंज पसरायचा. त्या बटणाचा तिला मनापासून तिटकारा होता. गंज काय वाटेल तिथे बसतो का, म्हणायची, पाणी साचेल तिथे बसतो. एकदा एका सोफेवाल्याने तक्रार केली की बाईंनी सोफ्याचा एकच हात झिजवलाय, दुसरा कोरा का? मावशीने त्याला फोनवरच सांगितलं की दुसऱ्या हाताच्या बाजूला दार आहे, तिथे वारा येतो, तिथे कोण बसणार? सोफेवाला पुढच्या वेळी स्वतः फोन करून तिलाच काम द्या म्हणाला.

तिला बाहेर न्यायची सोय नव्हती. बँकेत, दवाखान्यात, टपाल कचेरीत ती दारांपुढे उभीच राहायची. एका बँकेच्या पहारेकऱ्याने वीस मिनिटं वाट पाहून विचारलं, बाई काय हवंय? लोक दार कुठून ढकलतात ते बघतेय, म्हणाली. बहिणीने त्या दिवसापासून बँकेची कामं एकटीने करायला घेतली.

आणि मग जिन्याचं काम आलं.

एका कारखान्यातल्या लोखंडी जिन्यावरून एक फिटर पडला होता. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कंबर कायमची गेली. फिटरचं म्हणणं, जिन्याला रेलिंग नव्हतं. कारखान्याचं म्हणणं, रेलिंग दहा वर्षांपासून आहे, हा दोन्ही हातांत सामान घेऊन उतरला, धरलं नाही, पडला. प्रकरण सुनावणीला गेलं. चूक फिटरची ठरली तर तो निष्काळजी म्हणून नोकरीतून जाणार आणि उरलेलं आयुष्य त्या शिक्क्यासकट घरी बसणार. पडला त्या दिवशी कुणी फोटो काढला नव्हता. मधल्या काळात जिन्याखाली मोठं यंत्र बसवल्यामुळे आता तिथून पूर्वीसारखं दिसतही नव्हतं. म्हणून कारखान्याच्या वकिलाला कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र हवं होतं. सूचना चार ओळींची होती: जिना घटनेच्या दिवशी होता तसा, वरून उतरणाऱ्याला दिसतो तसा, उजव्या हाताला रेलिंग, फोटोसारखं हुबेहूब. सोबत घटनेनंतर आठ दिवसांनी काढलेले साठ फोटो.

जिना मुलांनी उभा केला, उजेड ठकीने लावला, आणि डागांसाठी काम मावशीकडे आलं. ती दोन दिवस नुसती ते साठ फोटो बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने ठकीला हाक मारली आणि खुर्ची दिली.

उतरताना डाव्या बाजूला भिंत होती. त्या भिंतीवर जिन्याच्या उतारानेच खाली जाणारा एक तेलकट काळा पट्टा होता, खांद्याच्या किंचित खाली. जिना वळतो तिथे तो सगळ्यात दाट होता, कारण वळताना माणूस तोल सावरतो. उजव्या बाजूच्या रेलिंगचा राखाडी रंग मात्र सलग होता, कुठे हात लागून तुकतुकीत झालेला नाही, कुठे खरवडलेला नाही. त्याचे खांब पायऱ्यांना जिथे जोडले होते तिथे पायरीचा जुना रंग जळून फुगला होता आणि वेल्डिंगचे बारीक थेंब अजून चमकत होते. पायऱ्यांवरची लोखंडी नक्षी भिंतीकडच्या बाजूला घासून सपाट झाली होती आणि रेलिंगच्या बाजूला जवळजवळ नवी होती.

"सगळे भिंतीला चिकटून उतरायचे," मावशी म्हणाली. "उजवीकडे धरायला काही नव्हतं. हे रेलिंग तो पडल्यावर लावलंय."

ठकीने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली की आपलं काम चित्र काढायचं, पोलिसांचं नाही. मावशी बरं म्हणाली आणि चित्र काढायला बसली. आठवडाभर ती जागची हलली नाही. भिंतीवरचा पट्टा तिने हाताहाताने लावला. वळणावर फोटोत हातांचे ठसे वेगवेगळे ओळखू येत होते, ते तिने तसेच उतरवले. वेल्डिंगचे थेंब मोजून लावले. रेलिंगला मात्र तिने बोट लावलं नाही. चित्र तयार झालं तेव्हा ते फोटोपेक्षा खरं दिसत होतं, आणि ते बघून साहेबांचा चेहरा पडला.

साहेब म्हणजे कंपनी चालवणारे, चाळिशीतले, मऊ बोलणारे. मावशीची पाठ दुखायला लागली तेव्हा न सांगता चांगली खुर्ची आणून देणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मावशीला सोपं गेलं असतं.

"मावशी, रेलिंग फार नवं दिसतंय."

"नवंच आहे ते."

"त्याला थोडी झीज द्या, आणि भिंत जरा स्वच्छ करा. वकिलांचं तेवढंच म्हणणं आहे. तुम्हाला दोन दिवसांचं काम."

"दीड दिवसाचं," मावशी म्हणाली. "पण करणार नाही."

साहेबांनी तिला खूप समजावलं. आपण कुणाची बाजू घेत नाही, गिऱ्हाईक सांगेल तसं काढतो, सोफे नसतात तरी दाखवतोच की. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की सोफा विकायला खोटा मळ मी रोज लावते आणि रात्री मला झोप लागते. पण झीज हातांनी होते. ज्या रेलिंगला कुणी हात लावलेलाच नाही त्यावर मी हात कुणाचे आणू? आणि भिंतीवर ज्यांचे हात आहेत त्यांना पुसून टाकू म्हणता, ते कोणत्या तोंडाने?

साहेब म्हणाले, मग मला हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

"द्या. आणि मला काढायचं असेल तर काढा. फक्त कारण कागदावर लिहून द्या, की बाईंनी खोटा डाग लावायला नकार दिला. मी फ्रेम करून लावीन."

साहेबांनी काढलं नाही, महिना पूर्ण करा म्हणाले. काम ठकीला दिलं. ठकीला त्याच महिन्यात विभागाची प्रमुख करायचं ठरत होतं, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी जेवताना घरात जे झालं ते काही शोभेचं नव्हतं. बहीण म्हणाली, तुझं निम्मं आयुष्य झालं, हिच्या पोटावर का पाय देतेस? ठकी म्हणाली की तुझा हट्ट तुझ्यापाशी ठेव, तो पडलेला माणूस माझा कोण लागतो? शिवाय तूच मला शिकवलंस, आता मलाच वाईट ठरवतेस. मावशीला ते फार लागलं. ठकी रांगायची तेव्हापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. डोळ्यांत पाणी आलं तरी तिने ते पुसलं नाही, पुसलं असतं तर ते आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

"तू कर," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. पण झाल्यावर मला दाखवायला आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी ठकी सकाळी आठलाच येऊन बसली. मावशी दोन टेबलं पलीकडे, तिच्याकडे पाठ करून. ठकीने ते तयार गंजाचं बटण वापरलं नाही, तेवढी लाज तिला होती. मावशीने शिकवलं होतं तसंच तिने रेलिंग झिजवलं, वरून चकचकीत, खालून काळं, जोडावर गंज. दुपारपर्यंत ते दहा वर्षांचं दिसायला लागलं, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग तिने भिंत पुसायला घेतली. खालून वर पुसत ती वळणापर्यंत आली. तिथे एक ठसा इतरांपेक्षा स्पष्ट होता. तळवा, अंगठा, चार बोटं, आणि त्यातलं करंगळीशेजारचं बोट अर्धंच. कुठल्या तरी यंत्राने कधी तरी खाल्लेलं.

ठकीचा हात थांबला तो थांबलाच. तिने तो ठसा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. पुसायला जेमतेम चार सेकंद लागले असते. ती उठली, बाहेर जाऊन पाणी पिऊन आली, बसली, आणि सकाळपासून केलेलं सगळं टाकून दिलं. मावशीची फाइल उघडली आणि ती जशीच्या तशी साहेबांना पाठवली. खाली लिहिलं, फोटोंप्रमाणे पूर्ण. मग मावशीच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुझंच पाठवलं." मावशीने मान हलवली आणि तिला शेजारी बसायला जागा करून दिली.

आता यात कुणाला कट दिसत असेल तर दिसो. चित्र लपवून कुणी पाठवलं नव्हतं. साहेब त्या दिवशी प्रवासात होते, त्यांनी ते मोबाइलवर पाहिलं, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि एकदम फोटो आहे म्हणून पुढे पाठवलं. वकिलानेही तसंच पाहिलं. फोटो वाटतोय ना, झालं तर. या लोकांची चूक हीच होती. चित्र खरं वाटतं का एवढंच ते बघत होते, त्यात काय आहे ते कुणी बघितलं नाही. वर वकिलाने सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर छाप पडावी म्हणून ते दाराएवढं मोठं छापून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी ते दाराएवढं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि वकील रेलिंगबद्दल बोलायला लागला. फिटर कुबडी लावून बाकावर बसला होता. तो हळूच उठला, चित्रापाशी गेला आणि वळणावरच्या त्या ठशावर बोट ठेवून म्हणाला, "हा आमच्या लेथवाल्या काकांचा हात. त्यांचं बोट अर्धं आहे." मग जरा खाली दुसरीकडे दाखवून म्हणाला, "मी इथे धरायचो." अधिकारी खुर्चीतून उठून चित्राजवळ आले. वकिलाने घाईघाईने सांगितलं की हा फोटो नाही, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आहे, भिंतीवरचे डाग हे काढणाऱ्या बाईच्या डोक्यातले आहेत. पाच मिनिटांपूर्वी तो हेच चित्र हुबेहूब म्हणून दाखवत होता. अधिकारी म्हणाले, मग पुढच्या तारखेला त्या बाईंनाच बोलवा.

कंपनीत व्हायचं ते झालं. मावशीला त्याच दिवशी घरी पाठवलं. तिने कारण लिहून मागितलं, साहेबांनी दिलं नाही. चित्र मी पाठवलं, असं ठकीने साहेबांच्या तोंडावर सांगितलं. उजेड लावणारं तिच्याइतकं चांगलं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिची नोकरी राहिली, प्रमुखपद मात्र दुसऱ्याला गेलं. बहीण चार दिवस दोघींशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, सुनावणीला कोणती साडी नेसणार आहेस?

मावशीला भीती वाटत होती, हे सांगितलं पाहिजे. इतक्या लोकांपुढे ती कधी बोलली नव्हती. पण खोलीत शिरल्यावर तिने आधी ते चित्र पाहिलं. इतकं मोठं तिने ते कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात तिला एकही चूक सापडली नाही. मग बाकावरच्या फिटरकडे पाहिलं. तो तिच्या कल्पनेपेक्षा बुटका होता. म्हणूनच त्याचा हात पट्ट्याच्या खालच्या कडेला लागायचा, असं तिच्या मनात आलं आणि भीती बरीच कमी झाली.

वकिलाने सुरुवात गोड केली. बाई, तुम्ही इंजिनिअर आहात का?

"नाही. मी डाग लावते."

मागे बसलेला कारकून हसला, अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला. वकिलाने विचारलं, म्हणजे नसलेल्या वस्तूंना खोटे डाग लावून त्या खऱ्या वाटतील असं करणं हा तुमचा धंदा? मावशी हो म्हणाली. मग तुम्ही मनात आणलं असतं तर हे रेलिंग जुनं दाखवू शकला असता?

"दीड दिवसात. तुमच्याकडून तशी सूचनाच आली होती. मी नाही म्हटलं."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. वकिलाचा सूर जरा चढला. ज्या बाईंना हवं ते खरं भासवता येतं, त्यांच्या चित्रावर कुणी आणि का विश्वास ठेवायचा, असं त्याने विचारलं. प्रश्न तिला न विचारता तो अधिकाऱ्यांकडे बघून बोलला होता, पण उत्तर मावशीने दिलं.

"ठेवूच नका. माझ्या चित्रावर विश्वास ठेवायला मी सांगितलंच नाही. कारखान्याने दिलेले साठ फोटो मागवा, पायऱ्या कुठे झिजल्यात ते त्यात आहे. नाहीतर सरळ जिन्यावर जा आणि भिंतीला हात लावून बघा."

"ते शक्य नाही," वकील म्हणाला. "ती भिंत आता रंगवलेली आहे."

फिटरने मान वर केली. मावशीने चष्मा कपाळावर चढवला, जसा ती चित्र बघताना चढवायची.

"कधी रंगवली?"

प्रश्न विचारायचा अधिकार साक्षीदाराला नसतो, असं वकील म्हणाला. अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न स्वतः विचारला. वकिलाने कागद चाळले. गेल्या आठवड्यात, नेहमीच्या देखभालीत, म्हणाला.

"आणि रेलिंग?" मावशीने विचारलं. "लोखंडाला वरचेवर रंग नाही दिला तर ते गंजतं. तुमचं रेलिंग दहा वर्षांचं. त्याला या देखभालीत रंगाचा हात दिला असं तुम्ही म्हटलं नाहीत, म्हणजे भिंत तेवढी रंगवली. तीही हे चित्र इथे दाखवल्यानंतर. ती का रंगवली, तेवढं सांगा."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि वकिलाकडे पाहिलं. वकील पुन्हा कागद चाळायला लागला, पहिल्यापासून. बाई, तुमचं झालं, तुम्ही आता बसू शकता, असं कारकून हळूच म्हणाला. मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यांचं उत्तर ऐकते," ती म्हणाली, "मग बसते."